गावाविना फायनल

आमच्या हसनाबादच्या फुटबॉल संघात कुणी कुणाशी बोलत नसे, आणि त्यात कुणाला काही खटकतही नव्हतं. बोलायचं काम गावाचं होतं. बाजारतळावर फक्कीची रेघ मारली की अख्खं गाव त्या रेघेवर येऊन उभं राही, काही शहाणे तर रेघेच्या आत. "मागून आला!" "डावीकडं मोकळा हाय!" "मार की, वाट कोणाची पाहून राह्यला?" हा ओरडा सुरू झाला की आम्हाला फक्त पाय चालवायचे असत. डोळे गावाचे, तोंड गावाचं. बाहेरचे संघ आमच्याकडे येऊन हरायचे आणि जाताना म्हणायचे, तुम्ही अकरा जण कुठे खेळता, तुमचं गाव खेळतं. आम्हाला ती शाबासकी वाटायची. मैदानावर एकमेकांना हाक मारायची असते हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं.

मी देवा, गोलकीपर. माझ्यापुढे बॅकला धुळाजी, माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. गोलकीपर आणि बॅक म्हणजे एका जुवाखालची जोडी. एकानं वळायचं ठरवलं तर दुसऱ्याला कळलं पाहिजे, नाहीतर दोघं तोंडावर पडतात. आणि आम्हा दोघांचा अबोला होता. दोन वर्षांचा, दिवाळीलाही न मोडलेला.

कारण सांगतो, हसायचं नाही. धुळाजीच्या बहिणीचं, इंद्रायणीचं लग्न होतं. मानपानाच्या वेळी लाऊडस्पीकरवरून एकेकाचं नाव पुकारून टॉवेल-टोपी देत होते. मामा झाले, मावसे झाले, भोकरदनचा कापडवालासुद्धा झाला. नवरीचा सख्खा चुलता, म्हणजे माझे वडील अप्पाराव, पहिल्या रांगेत धोतर सावरून बसले होते. त्यांचं नाव काही आलं नाही. माईकवाल्याला नावं सांगायला धुळाजी उभा होता. तो म्हणतो, विसरलो. सख्ख्या चुलत्याला कुणी विसरतं का? वडील पंगतीला न बसता उठले आणि त्यांच्यामागे आमचं घरचं घर उठलं. त्या दिवसापासून आमच्या आणि कचरूकाकाच्या, म्हणजे धुळाजीच्या वडिलांच्या, घराची तोंडं बंद. आमच्याकडे अबोल्याचा कायदा साधा असतो. जो आधी बोलेल, त्यानं मान खाली घातली. फारच अडलं तर तिसऱ्याच्या तोंडून बोलायचं. "त्याला सांगा" म्हणायचं, तो समोर हातभर अंतरावर उभा असला तरी.

मैदानावर आमची ही तिसरी म्हणजे साळूबाई. बाजारात वांगी-मिरच्या विकणारी, आवाज असा की नदीपलीकडची गुरं मान वर करून बघतील. ती माझ्या गोलमागे उभी राही. मी हळूच म्हणायचो, "मावशी, त्याला सांग, उजवीकडं सरक म्हणावं." की साळूबाई ओरडायची, "धुळ्या, उजवीकडं सरक रे भाड्या!" तो सरकायचा. त्याला माहीत असायचं शब्द कुणाचे आहेत. मलाही माहीत असायचं की त्याला माहीत आहे. असं करत करत आम्ही त्या वर्षी जिल्ह्याच्या फायनलपर्यंत गेलो. साल चौऱ्याण्णव.

फायनल जालन्याला, तिथल्याच संघाविरुद्ध. आणि ती आम्हाला जिंकायलाच हवी होती. कपासाठी नाही. कप काय, कपाटावर धूळ खात पडतो. धुळाजीसाठी. जालन्यातल्या एका सळईच्या कारखान्याचे शेठ फुटबॉलचे वेडे. त्यांनी स्वतःचा संघ काढायचं ठरवलं होतं, आणि सेमीफायनल पाहून काकासाहेबाला, आमच्या कप्तानाला, तोंडावर सांगितलं होतं, "तुमचा तो बॅक मला पसंत आहे. फायनल जिंका, दुसऱ्या दिवशी कामावर घेतो. पण हरलेल्या संघाचा बॅक घेऊन मी लोकांना काय दाखवू?" शेठची तऱ्हाच तशी होती, दिलेला शब्द पाळायचे आणि न दिलेल्याबद्दल ऐकून घ्यायचे नाहीत.

धुळाजीची ती नोकरी म्हणजे त्याच्या आईची, आसराकाकूची सुटका होती. कचरूकाकाची कंबर गेलेली. म्हणून दरवर्षी दसरा झाला की धुळाजी आणि त्याची आई असे दोघं मिळून कोयत्यावर जायचे, ऊस तोडायला, पार लांबच्या मुलखात. धुळाजी तोडायचा, काकू मोळ्या बांधून डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. गेल्या साली ती परत आली तेव्हा तिची मान वळत नव्हती. कुणी हाक मारली तरी अख्खी फिरायची. ही तीच काकू, जिनं माझ्या आईच्या आजारपणात मला वर्षभर स्वतःच्या ताटात जेवू घातलं होतं. अबोला होता म्हणून काय माया आटते? मी कुडापलीकडून तिचं कण्हणं ऐकायचो आणि दात खात पडून राहायचो. आता दसरा तोंडावर आला होता.

आणि नेमकी तेव्हाच बीडकडून प्लेगची बातमी आली. उंदीर मेले म्हणे, माणसं दवाखान्यात म्हणे. जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागला. जालन्यात गर्दी जमवायला बंदी झाली. आमचं गाव फायनलला दोन ट्रक भरून येणार होतं, साळूबाईनं तर दुकान लावायचं नाही म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं. आदल्या दिवशी निरोप आला, मॅच होईल, पण फाटक लावून. खेळाडू, पंच आणि खुर्चीवर बसणारे पाच-सहा पाहुणे, बस्स.

आम्ही एसटीनं गेलो. मैदान एका शाळेचं होतं, चारी बाजूंनी उंच भिंत. आत शिरलो. हिरवंगार, सपाट, मोठंच्या मोठं मैदान आणि कडेला कुणीच नाही. मांडवाखाली पाच-सहा खुर्च्या, त्यातल्या एकीवर शेठ, नाकाला पांढरा रुमाल. शिट्टी वाजली तर ती भिंतीवर आपटून परत आली. बॉलला बूट लागला की ठप्प असा आवाज व्हायचा. इतकी वर्षं खेळलो, पण बॉलला आवाज असतो हे मला त्या दिवशी कळलं.

जालनेकर मात्र बोलत होते. सुरुवातीपासून, सतत, अगदी निवांत. "पीछे आया!" "छोड, मेरा है!" "टैम है, टैम है!" ते रोज पहाटे याच मैदानावर खेळायचे, त्यांना बघायला कोण येणार? त्यांची सवय एकमेकांच्या आवाजाची होती. आमची पोरं बॉल मिळाला की थांबायची, कान टवकारायची. कडेवरून काहीतरी येईल, कुणीतरी सांगेल. कडेवर भिंत होती. तेवढ्यात बॉल जायचा. चांगली धडधाकट पोरं, शेतात दिवसभर राबणारी, अन् जत्रेत चुकलेल्यासारखी एकमेकांकडे बघत होती. माझं रक्त उकळत होतं. ओरडावंसं वाटत होतं, अरे बोला की रे! पण कोणत्या तोंडानं ओरडू?

पहिला गोल तसाच झाला. उजवीकडून उंच बॉल आला आणि माझ्या आणि धुळाजीच्या बरोबर मध्ये पडायला लागला. त्यानं डोक्यानं मारायचा की मी पुढे होऊन धरायचा, एवढाच प्रश्न. गावात साळूबाईनं तो एका शब्दात मिटवला असता. धुळाजी थांबला, मी येईन म्हणून. मी थांबलो, तो मारील म्हणून. बॉल दोघांच्या मध्ये टप्पा घेऊन उसळला आणि त्यांच्या फॉरवर्डनं अलगद पाय लावला. जाळीत गेलेला बॉल काढायला मी वाकलो तेव्हा माझाच श्वास मला ऐकू येत होता. धुळाजीनं माझ्याकडे पाठ केली. पाठ सगळं बोलत होती.

हाफटाइमला काकासाहेबानं आम्हा दोघांना भिंतीकडे नेलं. काकासाहेब मुळात शांत माणूस, पण त्या दिवशी त्याच्या हातातलं लिंबू चेंदामेंदा झालं होतं.

"बोला," तो म्हणाला. "आज गाव न्हाई. एकमेकाला हाक मारा, न्हाई तर समजा घरी गेल्तो आपण कव्हाच."

धुळाजी जमिनीकडे बघत म्हणाला, "त्याला सांग, आधी थोरल्यानं बोलायचं नसतंय. त्यानं बोलावं, मी ओ देतो."

"अन् तू त्याला सांग," मी म्हणालो, "नाव तो विसरल्ता, मी न्हाई. आमच्या बापाला त्या मांडवात उपाशी उठावं लागलं."

"मी काय टपालवाला हाये का रे?" काकासाहेब ओरडला. "त्या शेठकडं बघा. माणूस रुमाल लावून बसलाय, प्लेगला भिऊन बी आलाय, याच्यासाठी!" त्यानं धुळाजीच्या छातीवर बोट आपटलं. "आसराबाईला काय सांगणार हायेस? टॉवेल-टोपी आडवी आली म्हणून?"

धुळाजीचा जबडा हलला. मला वाटलं आता बोलतो. मीही श्वास धरला. तो बोलता तर मी त्याच्या पायाशी बसलो असतो, खरंच सांगतो. पण शिट्टी झाली.

मग काकासाहेबानं स्वतःचाच जीव काढायचं ठरवलं. पुढे खेळायचं सोडून तो आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि साळूबाई झाला. "धुळ्या, मागं! देवा, पुढं ये, पुढं! जल्दी!" त्यानं अख्ख्या संघाचं तोंड एकट्यानं चालवलं. आणि काय सांगू, फरक पडला. पोरांचे कान जागे झाले, पाय सुटले. आम्ही त्यांच्या अंगावर जायला लागलो. आम्हाला फ्री किक मिळाली तेव्हा धुळाजी मैदानभर धावत पुढे गेला आणि त्यानं सगळ्यांच्या वर उठून डोक्यानं असा बॉल घातला की त्यांचा कीपर हललासुद्धा नाही.

गोल करून तो दोन्ही हात वर करून कडेकडे पळाला. आमची ती सवय, गोल झाला की गावाकडे पळायचं, गाव उचलून घेतं. तो पळाला आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. भिंतीवर "नेहमी खरे बोलावे" असं लिहिलेलं. त्याचे हात हळूहळू खाली आले. मांडवातून शेठच्या टाळ्यांचा आवाज तेवढा आला, एकट्या माणसाच्या टाळ्यांचा. मला इतकं भरून आलं की मी गोलपोस्ट धरून उभा राहिलो. परत येताना तो माझ्याकडे बघेल म्हणून वाट पाहिली. त्यानं मोजे वर ओढले आणि पाठ केली.

बरोबरी झाली, आणि तिथून खरी घालमेल सुरू झाली. जालनेकर चवताळले. एकामागून एक चाल आमच्यावर यायला लागली. काकासाहेब ओरडत होता, पण त्याचा आवाज फाटत चालला होता. आधी घोगरा झाला, मग नुसती हवा यायला लागली. तो हातवारे करायला लागला, पण पाठ फिरवलेल्या माणसाला हातवारे कसे दिसणार? शेवटी एका बॉलवर पळताना त्याच्या पोटरीत असा गोळा आला की तो जागीच बसला. दोघांनी उचलून त्याला बाहेर नेलं. त्याच्या जागी आला मच्छिंद्र, जो घरीसुद्धा विचारल्याशिवाय बोलत नाही.

आता माझ्या आणि धुळाजीच्या मध्ये कुणी नव्हतं. नुसतं गवत होतं.

एक बॉल मी अंदाजानं अडवला. दुसरा पोस्टला लागून गेला, त्याचा ठण्ण आवाज अजून कानात आहे. प्रत्येक वेळी हाक माझ्या जिभेवर यायची आणि तिथेच बसायची. एवढी साधी गोष्ट. दोन अक्षरं. लहानपणापासून त्याला मी दादा म्हणत आलो, विहिरीत पोहायला त्यानंच शिकवलं मला, कमरेला दोर बांधून. पण दोन वर्षं न वापरलेला शब्द गंजतो. आणि डोळ्यांपुढे वडील यायचे, पहिल्या रांगेत, धोतर सावरून बसलेले. मग डोळ्यांपुढे काकू यायची, अख्खी वळून बघणारी. मी कुणाचा ते मला ठरवता येईना, आणि घड्याळ काही थांबत नव्हतं. पंच मनगटाकडे बघायला लागले होते. एवढा वेळ काढला की टायब्रेकर, आणि टायब्रेकरमध्ये मी कुणाला ऐकत नाही, ती माझी मक्तेदारी. एवढा वेळ काढायचा होता फक्त.

तेव्हा धुळाजीकडे एक सोपा बॉल आला. त्यानं तो छातीवर घेतला, पायाखाली दाबला आणि कुणाला द्यावा म्हणून कडेला तोंड करून मान वर केली. त्याच्या मागून, त्याला अजिबात न दिसता, त्यांचा फॉरवर्ड पावलांचा आवाज न करता येत होता. जालनेकरही गप्प झाले होते, मुद्दाम.

मी बघितलं आणि मला राहवलं नाही.

"दादा! मागं!"

त्या भिंतींच्या मध्ये माझा आवाज इतका मोठा आला की मीच दचकलो. कौलावरची कबुतरं उडाली. आणि धुळाजीनं मागं बघितलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. बॉल पायाखाली तसाच, आणि तो अख्खा माझ्याकडे वळून बघतोय, तोंड थोडं उघडं, लहान पोरासारखं. दोन वर्षांत तो चेहरा मी समोरून पाहिला नव्हता. गावाच्या गलक्यात ती हाक शंभरातली एक झाली असती. त्यानं मागं बघून बॉल लांब भिरकावला असता. पण तिथे दुसरा आवाजच नव्हता. तिथे फक्त मी त्याला दादा म्हणालो होतो.

फॉरवर्डनं बॉल काढून घेतला. मी झेप घेतली. बोटाला वारा लागला, बॉल लागला नाही.

शेवटची शिट्टी लगेचच झाली. शेठ उठले, रुमाल नीट केला आणि गाडीकडे निघाले. काकासाहेब लंगडत माझ्या अंगावर आला. आवाज नव्हताच, तरी सगळं ऐकू आलं. "आत्ताच तोंड फुटलं का रे तुला? आत्ताच? दोन साल गिळून बसल्ता ना, मंग आजून दोन मिन्टं गिळायचं होतं!"

मी म्हणणार होतो, ओरडलो नसतो तरी बॉल गेलाच असता. कदाचित गेला असता. कदाचित त्याला पाऊल ऐकू आलं असतं. त्या शांततेत सगळंच ऐकू येत होतं.

"त्याला काय बोलू नको," धुळाजी काकासाहेबाला म्हणाला. तेवढंच म्हणाला आणि बूट सोडायला बसला.

एसटीत लोकांनी तोंडाला बांधलेलं होतं, आम्ही न बांधताच गप्प होतो. आमची वस्ती गावाच्या अलीकडे, म्हणून फाट्यावर आम्ही दोघंच उतरलो. दिवस कलला होता. गाडी निघून गेली, धुरळा खाली बसला, तरी धुळाजी पुलाच्या कठड्यावरून उठेना. मी चार पावलं पुढे गेलो, थांबलो.

"देवा," तो म्हणाला. सरळ मला म्हणाला, कुणाला मध्ये न घेता. "आईला तूच सांग. मला न्हाई सांगवत."

"मी?"

"बोलला हायेस न आता. मंग सांग."

मी गेलो. कुडाच्या त्या बाजूला दोन वर्षांनी पाय ठेवला. आसराकाकू अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. पाऊल वाजलं तशी ती अख्खी वळली, मला बघितलं, आणि तिच्या हातातलं सूप खाली ठेवायचंच राहिलं.

"अगं बाई, देवा?" ती म्हणाली. आणि मग तिचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. "अहो, ऐकलं का! देवा आलाय! आपल्या घरात आलाय! जिंकले, पोरं जिंकले!" आतून कचरूकाकाची खाट करकरलेली ऐकू आली. काकू गुडघ्यावर हात देऊन उठली, लगबगीनं आत गेली, बाहेर आली तेव्हा मुठीत गुळाचा खडा होता. "तोंड उघड. धुळा कुठाय? शेठकडं थांबलाय व्हय?"

ती गूळ माझ्या ओठांपाशी धरून उभी होती.

"काकू," मी म्हणालो, "हरलो आपण."

तिचा हात तिथेच राहिला. ती माझ्याकडे बघत राहिली, काही जुळत नसल्यासारखी.

"हरले?" ती म्हणाली. "मंग तू कसा काय आला?"